कारभाराची पाठशाळा : बडोदे राज्यातील ग्रंथालय मंडळे

बडोद्याहून मुंबईकडे जाताना लागणारे मियागाम-करजण हे स्थानक एका जुन्या प्रयोगाचे साक्षी आहे. डभोई व मियागाम यांना जोडणारा अरुंद लोहमार्ग १८६२ साली सुरू झाला, तेव्हा त्यावरील गाडी बैल ओढीत असत. रूळ हलके होते. वाफेच्या इंजिनाचा भार त्यांना पेलवेना. पुढे भक्कम रूळ टाकल्यावरच इंजिने धावू लागली. सार्वजनिक संस्थांचेही असेच असते. देणग्या मिळतात, इमारत उभी राहते, ग्रंथ येतात. परंतु हा सारा भार पेलणारे कार्यकारी मंडळ कच्चे असेल, तर संस्था पुढे सरकत नाही.

हे मर्म श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी ओळखले होते. १९०६ साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाल्यावर, शिकलेला मुलगा पुढे वाचणार काय, असा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणून १९१० साली अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास पाचारण करण्यात आले. ते १९१३ साली परतले. पण तोवर मध्यवर्ती ग्रंथालयाची व ग्रंथालय खात्याची घडी बसली होती. खेड्यापाड्यांतील ग्रंथालयांची धुरा मोतीभाई अमीन यांनी वाहिली.

या योजनेचा कणा होता तिचा अनुदानाचा नियम. गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने व तेवढीच सरकारने द्यावी. सरकारी अनुदानाची वार्षिक मर्यादा खेड्यासाठी १०० रुपये, मोठ्या गावासाठी ३०० रुपये आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी ७०० रुपये अशी होती. बडोदे प्रांतातील करजण व भोवतालची गावे याच व्यवस्थेत येत होती.

वरवर पाहता हा केवळ पैशाच्या वाटणीचा नियम. परंतु त्याच्या पोटी एक मोठे शिक्षण दडलेले होते. पहिला वाटा गावाने उचलायचा, म्हणजे कोणीतरी घरोघर फिरून वर्गणी गोळा करायची, पावती फाडायची, हिशेब लिहायचा. अनुदान हवे, तर तो हिशेब परक्या माणसाच्या नजरेखालून जाण्याची तयारी ठेवायची. मोजक्या रकमेत वर्तमानपत्र घ्यावे की धर्मग्रंथ, पुस्तक हरवणाऱ्या शेजाऱ्याकडून दंड घ्यावा की नाही, हे प्रश्न चारचौघांत बसून सोडवायचे. आपले मत पडले, तरी झालेला ठराव आपलाच मानून राबवायचा. ज्यांनी कधी कारभार पाहिला नव्हता, त्यांना परक्याच्या पैशाचे विश्वस्त होणे म्हणजे काय, याचा पाठ या मंडळांत बसून गिरवता येत होता.

अशा शिक्षणाची परंपरा बडोद्यात त्याहूनही जुनी होती. भाऊसाहेब या नावाने परिचित असलेले प्राध्यापक विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने १८८९ साली तेथे अन्योन्य सहाय्यकारी मंडळी स्थापन झाली. देशातील सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ सालचा. म्हणजे कायद्याच्या पंधरा वर्षे आधी मंडळींनी परस्परविश्वासावर हा व्यवहार सुरू केला. शतकाहून अधिक काळ टिकलेली, पुढे बँक झालेली ही संस्था एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र अडचणीत येऊन बंद पडली. संस्थापकांची पुण्याई वारसाहक्काने मिळत नाही. कारभार प्रत्येक पिढीला नव्याने शिकावा लागतो, असाच याचा बोध आहे.

आज हीच गोष्ट व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यालयांनाही पटू लागली आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड, बर्कली, नॉर्थवेस्टर्न यांसारख्या विद्यापीठांत व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना सेवाभावी संस्थांच्या नियामक मंडळांवर काही काळ, बहुधा मताधिकाराविना, बसविण्याचा उपक्रम आहे. नफ्याचा ताळेबंद वाचणे वर्गात शिकता येते. परंतु जेथे नफा हे माप नाही, तेथे काम नीट चालले आहे की नाही हे कसे ठरवावे, हे मंडळाच्या बैठकीतच उमगते. मात्र मत नाही तेथे जोखीमही थोडी. गावच्या ग्रंथालयाच्या चिटणीसाला ही सवलत नव्हती. हिशेबात चूक झाली, तर त्याला दुसऱ्या दिवशी त्याच वर्गणीदारांसमोर उभे राहावे लागे.

शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयांनी या इतिहासाकडे स्वतःच्या गरजेपोटीही पाहावयास हवे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याने हिशेब ठेवणे व ते तपासून घेणे विश्वस्तांवर बंधनकारक केले. ते करणारी नवी माणसे घडविणे मात्र कोणत्याही कायद्याच्या हाती नाही. अनेक जुन्या संस्थांत तीच ज्येष्ठ मंडळी वर्षानुवर्षे भार वाहत आहेत, आणि त्यांच्यामागे कोण, हा प्रश्न अनुत्तरित आहे. वाणिज्य शाखेच्या एकदोन विद्यार्थ्यांना कार्यकारी मंडळात बोलावून सतरंज्या घालण्याचे नव्हे, तर ग्रंथखरेदीच्या अंदाजपत्रकाचे काम सोपवावे. त्यांनी प्रश्न विचारावेत, चुका कराव्यात व त्या सर्वसाधारण सभेपुढे मान्य कराव्यात. ग्रंथालयाला त्यातून उद्याचा चिटणीस मिळेल, आणि विद्यार्थ्याला पदवीपत्रात न मावणारे शिक्षण. पुढच्या शतकाचा भार पेलायचा, तर रूळ आजच बदलावयास हवेत.