ग्रंथसंग्रहापासून मुक्त प्रवेशापर्यंत : ठाण्याची परंपरा आणि आमची सवय

संशोधन कुणालाही विनामूल्य वाचता यावं, या विचाराला 'मुक्त प्रवेश' हे नाव २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने रूढ केलं. पण आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात त्याचं बीज जुनं आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे भावे ते हेच. बाडांत पडून असलेली जुनी कविता त्यांनी 'महाराष्ट्र कवी' मासिकातून छापायला घेतली. जपणं आणि लोकांपुढे ठेवणं, ही त्यांच्या लेखी दोन कामं नव्हती.

आता आम्हा विद्यापीठवाल्यांकडे बघा. २००९ च्या नियमाने प्रबंधाची संगणकीय प्रत देणं बंधनकारक झालं आणि 'शोधगंगा' भरू लागली. प्रबंध तिथे गेले, कारण पदवी अडत होती. पुढच्या लेखांचं काय? लेख आम्ही लिहितो, दुसऱ्यांचे तपासतो, बहुतेकदा फुकट. आणि हक्क सही करून प्रकाशकाला देऊन टाकतो. मग डोंबिवलीतल्या निवृत्त प्राध्यापकाकडे स्वतःचाच लेख उघडायला पैसे मागितले जातात!

वास्तविक अनेक प्रकाशक स्वीकृत मसुदा संस्थेच्या संग्रहात ठेवायला परवानगी देतात. कधी लगेच, कधी वर्ष-दोन वर्षांनी. यालाच स्वसंग्रहण म्हणायचं. पदार्थवैज्ञानिकांनी ते केव्हाच अंगवळणी पाडलं. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये 'अर्काइव्ह' सुरू केलं, पण त्याआधीही ही मंडळी छापण्यापूर्वीचे लेख टपालाने एकमेकांना पाठवतच होती. तिथे सवय आधी आली, यंत्र नंतर. आमच्याकडे यंत्र आलं, नियम आला, सवय तेवढी राहिली.

'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिकं. चांगलंच आहे. पण सुरुवात सरकारी संस्थांपासून आहे, आणि आपल्या भागातली बरीच महाविद्यालयं खासगी शिक्षणसंस्थांची. शिवाय वर्गणीने दुसऱ्यांचं लेखन आपल्याला वाचता येतं. आपलं लेखन जगाला खुलं होत नाही. ते आपणच करायचं.

'कुणी चोरलं तर?' असं विचारतात. उलट, तारखेनिशी जाहीर ठेवलेला मसुदा हाच आपल्या अग्रक्रमाचा पुरावा. चोरी पचते ती कुणी न पाहिलेल्या लेखाची.

आपल्या परंपरेत ऋषिऋण सांगितलं आहे. ते अध्ययनाने फिटतं म्हणतात; आम्ही म्हणू, अध्ययन पुढच्याच्या हाती पोचल्यावर फिटतं. तेव्हा लेख स्वीकारल्याचं पत्र आलं की करारनामा नीट वाचा, आणि परवानगी असेल तर मसुदा त्याच दिवशी संग्रहात ठेवा. उद्यावर टाकलेला मसुदा पुढे आपल्यालाच सापडत नाही.