हळदीचं पेटंट आणि तक्त्यातला आकडा

कोणत्या देशाकडे किती पेटंट, यावरून कोण पुढारलेला हे ठरवणारे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरतात. आपला नंबर खाली, म्हणजे आपल्याला डोकं कमी, असा त्यांचा सूर.

आपल्या उमरखेड भागात हळद पिकते, तर हळदीचंच घ्या. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेचं पेटंट मिळालं, क्रमांक ५४०१५०४. शोध काय? हळदीने जखम भरते! अमेरिकेच्या खात्यात एक आकडा वाढला. गंमत म्हणजे संशोधक दोघंही भारतीय वंशाचे. आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आल्या, पण त्यांच्यासाठी तक्त्यात रकानाच नाही.

डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरने आव्हान दिलं. "आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे" हे तिथे चालत नाही, लेखी पुरावा लागतो. जुने संस्कृत, उर्दू ग्रंथ, १९५३ चा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख, असे ३२ दाखले दिले. १९९७ मध्ये पेटंट बाद झालं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे (आपल्या शेजारचं नव्हे, नागभीड तालुक्यातलं) दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी धान निवडून काढलं. ते दूरदूर पेरलं गेलं. आपल्या कायद्यात बियाण्याला पेटंट नाही, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं. पण तक्त्यात दादाजी शून्य.

यंत्रं, औषधं, मोबाइल यांत आपण मागे आहोत, हे मात्र तो तक्ता खरंच सांगतो. तेवढ्यापुरता तो वाचावा.