जैवपटल व रुग्णालयीन जंतूंचा जंतुनाशक-प्रतिकार

एखाद्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून, स्वतःच स्रवलेल्या बुळबुळीत द्रव्याच्या आवरणाखाली जंतूंनी वसविलेल्या वसाहतीस जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. मूत्रमार्गात घातलेली नळी, श्वसनयंत्राची नलिका, एंडोस्कोपची अरुंद पोकळी आणि बेसिनची मोरी ही रुग्णालयातील त्याची नेहमीची ठाणी होत. परंतु खाटेच्या कठड्यासारख्या कोरड्या जागीही ते आढळते. स्यूडोमोनास एरुजिनोसा, ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी, क्लेब्सिएला न्यूमोनिए व स्टॅफिलोकोकस ऑरियस हे पटल धरणारे प्रमुख रुग्णालयीन जंतू आहेत.

प्रथम थोडे जंतू पृष्ठभागास सैलसर चिकटतात. त्यांचे बस्तान बसले की बहुशर्करा, प्रथिने व पेशीबाह्य डीएनए यांनी युक्त असा चिकट द्रव ते स्रवू लागतात, आणि आपली संख्या पुरेशी वाढल्याची वर्दी रासायनिक संकेतांनी परस्परांस मिळताच अनेक जातींत या बांधणीस वेग येतो. अशा पटलावर क्लोरीनयुक्त द्राव ओतला असता त्याची बरीचशी शक्ती वरच्या थरातील सेंद्रिय द्रव्याशी संयोग पावण्यातच खर्ची पडते. खालच्या थरातील जंतू, प्राणवायू व अन्न यांच्या टंचाईमुळे आधीच मंदगती झालेले असल्याने, उरल्यासुरल्या औषधासही सहसा दाद देत नाहीत. हेच जंतू पटलातून सुटे करून पाण्यात सोडले तर त्याच द्रावाने बहुधा मरतात. म्हणून या संरक्षणाला आनुवंशिक प्रतिकारापासून वेगळे मानणे अगत्याचे आहे.

आनुवंशिक प्रतिकाराचा मार्ग निराळा. पेशीत शिरलेले औषध बाहेर फेकणारे प्रथिनमय पंप अनेक जंतूंत असतात. स्टॅफिलोकोकसमधील क्यूएसी नावाची जनुके चतुर्थक अमोनियम संयुगे या जंतुनाशकांविरुद्ध असेच काम करतात आणि प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-तुकड्यांवाटे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात. योग्य तीव्रतेच्या द्रावापुढे हा बंदोबस्त बहुधा अपुरा ठरतो. परंतु काटकसरीपायी द्राव पातळ केला, किंवा ठरलेली मुदत भरण्यापूर्वीच पुसून टाकला, की दुर्बळ मात्रेतून तगलेल्या जंतूंची निवड आपणच करीत असतो.

जंतुनाशकाची बाटलीच जंतूंचे आश्रयस्थान होऊ शकते, हे 1951 साली बर्मिंगहॅमचे संशोधक लोबरी यांनी सेट्रिमाइड या जंतुनाशकाच्या बुचबंद बाटल्यांतील स्यूडोमोनासवरून दाखविले. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो राज्यात 2006-07 मध्ये दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियांनंतर मायकोबॅक्टेरियम मॅसिलिएन्स या जंतूच्या संसर्गाचे हजाराहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. साथीस कारण झालेला वाण उपकरणांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 2 टक्के ग्लुटराल्डिहाइडलाही जुमानीत नव्हता.

या सर्वांतून निघणारा व्यवहार असा की, जंतुनाशकापूर्वी घासणे हवे. एंडोस्कोपची पोकळी वापरानंतर लगेच, आतील मळ वाळण्यापूर्वी, योग्य मापाच्या ब्रशाने घासून व धुऊन घेतली नाही, तर पुढचे महागडे रसायन निम्मे वाया जाते. हे काम करणाऱ्या कामगारास पुरेसा वेळ, ब्रश व शिक्षण मिळणे ही रुग्णाच्या प्राणाशी निगडित बाब आहे. ती किरकोळ खर्चाच्या सदरात टाकणे अन्यायाचे आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

परंतु जेथे ब्रश पोहोचत नाही तेथे रचनाच बदलावी लागते. कॅनडातील टोरंटो येथे एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात डिसेंबर 2004 ते मार्च 2006 या काळात 36 रुग्णांत अनेक औषधांना न जुमानणारा स्यूडोमोनास आढळला. त्याचा माग हात धुण्याच्या बेसिनांच्या मोऱ्यांतील पटलापर्यंत लागला. चकाकणारे द्रव्य मोरीत घालून नळ सोडला असता तुषार किमान एक मीटरपर्यंत उडालेले दिसले. मोऱ्या वारंवार निर्जंतुक करूनही साथ हटेना. अखेर पाणी उडू नये अशा बेताने बेसिनांची दुरुस्ती झाली, तेव्हा ती थांबली.