साडेसव्वीस डॉलर ते दोन थेंब : रोटरी फाउंडेशनचा इतिहास आणि दानाचा विचार

 आजचा विषय इतिहासाचा आहे, पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे इतिहास सांगता सांगता एक प्रश्नही तुमच्यापुढे ठेवणार आहे. समोर हात पसरून उभ्या असलेल्या माणसाला आपण काही दिलं, तर ते दान आहे हे कुणालाही पटतं. पण आपण पैसे एखाद्या निधीत टाकतो, तो निधी सातासमुद्रापार कुठेतरी असतो, ते पैसे कुणाला मिळाले हे आपल्याला कधीच कळत नाही. याला दान म्हणायचं का? की ही नुसती वर्गणी? रोटरी फाउंडेशनची शंभराहून अधिक वर्षांची कहाणी या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार उपयोगी पडते.

सुरुवात शिकागोपासून करू. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस नावाचा एक वकील आणि त्याचे तीन परिचित एका कचेरीत जमले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपीकामाचा व्यावसायिक. हॅरिस लहान गावात वाढलेला, मोठ्या शहरात एकटा पडलेला माणूस. गावात जसा ओळखीपाळखीचा विश्वास असतो तसा शहरातल्या धंद्यातही असावा, एवढाच हेतू. बैठक दर वेळी वेगवेगळ्या सभासदाच्या कचेरीत, आळीपाळीने व्हायची, म्हणून नाव पडलं 'रोटरी'.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा क्लब समाजसेवेसाठी निघालेला नव्हता. प्रत्येक व्यवसायातला एकच सभासद घ्यायचा आणि सभासदांनी एकमेकांना धंदा द्यायचा, अशी रीत होती. कुणी कुणाला किती धंदा दिला याची नोंद ठेवणारा माणूससुद्धा नेमलेला होता! १९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंटच्या वकिलाला सभासद व्हा म्हणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला की, ज्या मंडळाचा उपयोग फक्त सभासदांना होतो ते फार काळ टिकणार नाही, शहरासाठीही काही करायला हवं. क्लबला ते पटलं. कार्टर आत आला आणि त्याच्याबरोबर सेवेची कल्पनाही आत आली.

मग पहिलं काम कोणतं घेतलं? सार्वजनिक स्वच्छतागृह! १९०७ मध्ये शिकागोच्या नगरभवनाजवळ ते बांधावं म्हणून क्लबने खटपट सुरू केली. याला विरोध झाला तो दारूच्या गुत्त्यांचा आणि मोठ्या दुकानांचा. कारण पुरुषांना सोय हवी तर गुत्त्यात शिरावं लागे आणि बायकांना दुकानात. शिरलेला माणूस काहीतरी विकत घेऊनच बाहेर पडणार. म्हणजे पहिल्याच कामात या मंडळींना एक धडा मिळाला. लोकोपयोगी काम कितीही निरुपद्रवी दिसलं, तरी त्यात कुणाचा तरी फायदा बुडतो, आणि म्हणून ते चिकाटीनेच करावं लागतं.

आता फाउंडेशनकडे येऊ. १९१७ साली अटलांटा शहरात रोटरीचं अधिवेशन भरलं. मावळते अध्यक्ष होते आर्च क्लम्फ, क्लीव्हलंडचे लाकडाचे व्यापारी. त्यांनी सूचना मांडली की, जगात चांगलं काम करण्यासाठी आपण एक कायमचा निधी उभारावा. पहिली देणगी आली मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या क्लबकडून. किती? साडेसव्वीस डॉलर. पुढची अकरा वर्षं हा निधी रांगतच होता. १९२८ मध्ये त्याला 'रोटरी फाउंडेशन' हे नाव मिळालं, विश्वस्त नेमले गेले, तेव्हा शिल्लक जेमतेम पाच हजार डॉलरच्या वर गेली होती. १९३० मध्ये पहिलं अनुदान दिलं पाचशे डॉलरचं, अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेला. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे. मग आली जागतिक मंदी, मग महायुद्ध. वीस लाख डॉलर जमवण्याचा संकल्प सोडला होता, तो युद्धात बारगळला.

विचार करा, तीस वर्षं जवळपास काही घडलेलं नाही. त्या काळात कुणी म्हटलं असतं की हा निधी बंद करा, पैसे वाटून टाका, तर ते व्यवहाराला धरूनच झालं असतं. पण निधी टिकला. २७ जानेवारी १९४७ रोजी पॉल हॅरिस वारले आणि त्यांच्या स्मरणार्थ जगभरातून देणग्यांचा ओघ सुरू झाला. दीड वर्षाच्या आत दहा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. त्याच वर्षी सात देशांतल्या अठरा विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती दिली गेली. युद्ध नुकतंच संपलेलं. तरुणांनी एकमेकांच्या देशात राहावं, शिकावं, म्हणजे पुन्हा लढाईची वेळ आली तर निदान समोरच्याचा चेहरा ओळखीचा असेल, असा त्यामागचा विचार.

आपल्याकडे रोटरी आली कलकत्त्यात, १९१९-२० च्या सुमारास. मुंबईचा क्लब १९२९ चा. सुरुवातीला त्यात साहेबलोकांचाच भरणा होता. पण १९६२-६३ मध्ये कलकत्त्याचे नीतीश लाहरी आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाले, हे पद मिळालेले पहिले आशियाई. स्त्रियांना मात्र बराच काळ दार बंद होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीने आपला नियम बदलला. सेवेची भाषा बोलणाऱ्या संस्थेलाही अर्धा समाज दिसायला चौऱ्याऐंशी वर्षं लागली. इतिहास सांगताना हेही सांगावं लागतं.

आता मुख्य प्रकरण, पोलिओ. १९७८-७९ चे अध्यक्ष होते ऑस्ट्रेलियाचे क्लेम रेनूफ. देवीच्या रोगाचं उच्चाटन झाल्याचं वाचून त्यांच्या मनात आलं, आपल्याला असं काही करता येईल का? त्यांनी विचारलं डॉ. जॉन सेव्हर यांना. हे स्वतः रोटेरियन, आणि संसर्गजन्य रोगांचे संशोधक. सेव्हर म्हणाले, एकच रोग निवडायचा तर पोलिओ निवडा. कारण साबिन यांची लस तोंडात थेंब टाकून देता येते. सुई नको, डॉक्टर नको. थोडं शिकवलं तर स्वयंसेवकही ती देऊ शकतो. १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये सुमारे साठ लाख मुलांना डोस देण्याच्या योजनेला फाउंडेशनने सात लाख साठ हजार डॉलर दिले. १९८५ मध्ये 'पोलिओप्लस' मोहीम जाहीर झाली. उद्दिष्ट बारा कोटी डॉलरचं. १९८८ मध्ये हिशेब झाला तेव्हा आकडा निघाला चोवीस कोटी सत्तर लाख! त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ हद्दपार करण्याचा ठराव केला. तेव्हा सव्वाशे देशांत मिळून वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं या रोगाने पांगळी होत होती.

भारतात २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीत पहिली मोठी मोहीम झाली आणि १९९५ च्या डिसेंबरपासून देशभर पल्स पोलिओ सुरू झालं. एका राष्ट्रीय फेरीत सुमारे सतरा कोटी मुलं आणि वीस लाखांहून अधिक लस देणारे. मुलाच्या डाव्या करंगळीला शाई. घरातली सगळी मुलं झाली तर दारावर 'पी', एखादं राहिलं तर 'एक्स', आणि 'एक्स'च्या घरी परत फेरी. रेल्वे स्टेशनांवर, बसस्थानकांवर, वीटभट्ट्यांवर पथकं. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये दाट वस्ती, सांडपाणी आणि जुलाबाचं प्रमाण यामुळे लस नीट लागूच पडत नसे. एकेका मुलाला आठ-आठ, दहा-दहा वेळा डोस द्यावा लागे. साहजिकच लोकांच्या मनात शंका आल्या. एवढ्या वेळा का पाजता? आमच्याच मुलांना का? २००२ मध्ये देशात सुमारे सोळाशे मुलांना पोलिओ झाला.

इथे पैशाने काम भागलं नसतं. रोटरीने तिथल्या मौलाना-उलेमांना बरोबर घेतलं, त्यांच्याशी बोलून त्यांनाच मोहिमेचे प्रवक्ते केलं. अंगणवाडी आणि आशाताई दारोदार फिरल्या. परळला हाफकिनच्या आवारातल्या प्रयोगशाळेत मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने २००१ पासून तपासले जात होते. रुग्ण नसला तरी विषाणू गटारात सापडतो, म्हणून. २००९ मध्ये भारतात ७४१ रुग्ण, जगातले जवळजवळ निम्मे. २०१० मध्ये ४२. आणि शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातला. त्यानंतर एकही नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह संपूर्ण आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

हे श्रेय एकट्या रोटरीचं आहे का? मुळीच नाही. भारतातल्या खर्चाचा फार मोठा भाग भारत सरकारने, म्हणजे तुम्ही-आम्ही करदात्यांनी उचलला. जागतिक आरोग्य संघटना होती, युनिसेफ होती. मग रोटरी फाउंडेशनने काय केलं? पहिली गोष्ट, सरकारं तयार नव्हती तेव्हा पैसे पुढे ठेवले. दुसरी, मुदत टळली तरी माघार घेतली नाही. मूळ संकल्प २००० सालापर्यंत पोलिओ संपवण्याचा होता. तो चुकला, पुढच्याही मुदती चुकल्या. सरकारं बदलतात, अंदाजपत्रकं बदलतात. कायमस्वरूपी निधी मात्र थांबू शकतो, वाट पाहू शकतो.

हा निधी चालतो कसा, तेही थोडक्यात बघू. वार्षिक निधीत दिलेली रक्कम तीन वर्षं गुंतवून ठेवतात. त्या व्याजातून कारभाराच्या खर्चाला हातभार लागतो. तीन वर्षांनी मूळ रकमेतला एक वाटा देणाऱ्यांच्याच प्रांताकडे परत येतो आणि एक जागतिक निधीत जातो. मोठं अनुदान हवं असेल तर प्रकल्प किमान तीस हजार डॉलरचा लागतो, आणि काम जिथे व्हायचं तिथला एक क्लब व दुसऱ्या देशातला एक क्लब असे दोघे भागीदार लागतात. परका परस्पर येऊन विहीर खणून गेला, असं होऊ नये म्हणून ही अट. स्थायी निधीत मात्र मुद्दलाला हात लावत नाहीत. पोलिओसाठी दिलेल्या दर डॉलरला गेट्स फाउंडेशन, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, आणखी दोन डॉलर घालतं.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचं लक्षण सांगितलं आहे. त्यातला एक शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, 'अनुपकारी'. जो परतफेड करू शकत नाही, त्याला दिलेलं दान. समोरच्या याचकाला आपण देतो तेव्हा तो निदान आशीर्वाद देतो, आपल्याला बरं वाटतं. म्हणजे थोडीशी परतफेड झालीच. निधीत दिलेल्या पैशाचं तसं नाही. १९१७ मध्ये कॅन्सस सिटीच्या ज्या सभासदांनी साडेसव्वीस डॉलर दिले, त्यांना बिहारमधल्या कोसी नदीकाठच्या मुलाची कल्पनाही नव्हती. आणि ज्या मुलाला पोलिओ झाला नाही, त्याला कधीच कळणार नाही की आपल्याला तो होणार होता. न घडलेल्या आजाराबद्दल आभार कोण मानणार? या अर्थाने हे अनुपकारी दान आहे. अगदी चोख.

पण एक सावधगिरी. चेहरा दिसत नसला की हिशेबही दिसेनासा होण्याचा धोका असतो. म्हणून अशा निधीला देणाऱ्याने प्रश्न विचारत राहिलं पाहिजे. किती खर्च झाला, काम टिकलं का, सरकारने करायचं काम आपण अंगावर घेऊन सरकारला मोकळं तर सोडत नाही ना? श्रद्धेने द्यावं, पण हिशेबही मागावा. त्या दोन्हींत विरोध नाही.

आणि शेवटचा मुद्दा, आजचा. नैसर्गिक पोलिओ विषाणूचं वास्तव्य आता पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत उरलं आहे. शिवाय जिथे लसीकरण तोकडं पडतं तिथे लसीतल्याच विषाणूपासून बदलून तयार झालेला विषाणूही फिरतो, तेही सांगितलं पाहिजे. लोक म्हणतात, एवढे थोडे रुग्ण, मग अजून पैसे कशाला? दुसरे रोग नाहीत का? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. रोग निम्मा कमी करणं आणि नाहीसा करणं यांत नुसतं प्रमाणाचं अंतर नाही. निम्मा कमी केलेला रोग लक्ष हटताच परत येतो, नाहीसा झालेला येत नाही. देवीची लस आज आपल्या नातवंडांना टोचावी लागत नाही, ती याचमुळे. शेवटचा टप्पा सर्वांत महाग, सर्वांत कंटाळवाणा आणि बातमीत न येणारा असतो. उत्साहाने दिलेलं दान तिथपर्यंत पोचत नाही, नेमाने दिलेलं पोचतं.

म्हणून तुमच्यापैकी जे रोटरीत आहेत त्यांना, आणि जे नाहीत त्यांनाही, माझं एवढंच सांगणं आहे. रक्कम किती, याचा संकोच करू नका. साडेसव्वीस डॉलर त्या काळीसुद्धा फार नव्हते. दरवर्षी द्या, हिशेब विचारा, आणि फळ आपल्या डोळ्यांना दिसेलच असा आग्रह धरू नका.

वेळ झाली आहे, इथेच थांबतो.