बिऱ्हाड पाठीवर

श्रोतेहो, चांदणी चौक ओलांडून पौडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शनिवारीं सकाळीं उभें राहिलें, तर अलीकडे एक नवें दृश्य दृष्टीस पडतें. उंच बांध्याच्या मोठ्या मोटारी, ज्यांना आपण एस. यू. व्ही. म्हणतों, माथ्यावर एखादी चपटी पेटी किंवा आंवळून बांधलेलें गाठोडें घेऊन मुळशीच्या दिशेनें चाललेल्या असतात. जलाशयाच्या परिसरांत पोंचल्यावर ती पेटी उघडते, शिडी खालीं येते आणि मोटारीच्या छपरावर दोघां-तिघांना निजतां येईल असा तंबू उभा राहतो. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें असें आपण म्हणतों. येथें तें मोटारीच्या पाठीवर असतें, इतकाच फरक.

असला तंबू विकत घ्यावयाचा तर कोणता घ्यावा, असें माझे स्नेही मला विचारतात. मी इतिहासाचा विद्यार्थी. मोटारीच्या विद्येंत माझी गति बेताचीच. तथापि हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. कोणता तंबू न्यावा, तो कोणी वाहावा आणि कोठें ठोकावा, या तीन गोष्टींवर आपल्या देशांत मोठमोठ्या सैन्यांचें भवितव्य अवलंबून राहिलेलें आहे. तेव्हां आज त्या जुन्या अनुभवाच्या आधारेंच या नव्या प्रश्नाचा विचार करूं.

पुण्यांतील फरासखाना हें नांव आज पोलिसांच्या चौकीमुळें सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु फरासखाना म्हणजे मूळचें तंबू, कनाती, गालिचे व बिछायती ठेवण्याचें खातें. शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांत तें मोजलें जाई. राजाच्या घरीं जसा तोफखाना, तसा फरासखाना. कारण वर्षांतील आठ महिने राज्य चाले तें बहुधा डेऱ्यांतून.

या खात्याचें सर्वांत भव्य स्वरूप मोंगल दरबारांत दिसतें. अकबराच्या फरासखान्याचें वर्णन अबुल फझल यानें ऐन-इ-अकबरींत तपशिलानें दिलें आहे. त्यांत दोन मजली तंबू आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. सहा गज उंचीच्या अठरा खांबांवर लांकडी तक्तपोशी आणि तिच्यावर पुन्हां खांब रोवून उभारलेला वरचा मजला! प्रवासांत बादशहा त्याचा शयनासाठीं व उपासनेसाठीं उपयोग करी. जमिनीच्या ओलीपासून व गर्दीपासून वर, उंचावर झोंपण्याची हौस अशी चारशें वर्षांहून जुनी आहे. आपल्या मावळांतला शेतकरी तर रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं माळा घालून त्यावर रात्र काढीत आलाच आहे. छपरावरचा तंबू हा या दोघांचाही वंशज म्हणावा.

पण या वैभवाची किंमत काय होती? एका मुक्कामाचा सरंजाम हलविण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत, असें तोच ग्रंथकार सांगतो. शिवाय असे सरंजाम दोन असत. बादशहा एका डेऱ्यांत असतां दुसरा पुढच्या मुक्कामीं उभा होई. त्याला पेशखाना म्हणत.

हाच थाट घेऊन औरंगजेब १६८१ सालीं दक्षिणेंत उतरला आणि १७०७ सालीं येथेंच निवर्तला. त्याची छावणी म्हणजे चालतें शहर होतें. परंतु शहराला पावसाळ्यांत हलतां येत नाहीं. १७०० सालच्या ऑक्टोबरच्या आरंभीं माण नदीच्या कांठीं खवासपूर येथें त्याचा तळ पडला होता. कित्येक डेरे नदीच्या कोरड्या पात्रांतच होते. दूर डोंगरांत पाऊस झाला आणि मध्यरात्रीं एकाएकीं लोंढा आला. माणसें, जनावरें, तंबू वाहून गेले. जीव वांचविण्याच्या घाईंत बादशहाचा गुडघा दुखावला आणि तो जन्माचा अधू झाला. तंबू उत्तम होते. जागा वाईट निवडली होती.

याच्या उलट शिवकालीन रीत पाहा. कृष्णाजी अनंत सभासद यांनीं आपल्या बखरींत ती नोंदून ठेविली आहे. पावसाळ्याचे चार महिने लष्करानें छावणीस यावें. तेथें दाणा, वैरण व औषधें आधींच सांठविलेलीं असावींत आणि माणसांसाठीं व घोड्यांसाठीं गवतानें शाकारलेलीं घरें तयार असावींत. दसरा झाला कीं मुलुखगिरीस निघावें, तें मात्र सडें. म्हणजे पावसांत पक्कें छप्पर आणि उघडिपींत हलकें ओझें. यांत दारिद्र्य नव्हतें, हिशेब होता. सह्याद्रींत १०० हत्तींवरचा डेरा निरुपयोगी, हें ज्याला समजलें त्यानें ऋतूप्रमाणें निवारा निवडला.

पुढें ती शहाणीव विसरली गेली. १७६० सालीं सदाशिवरावभाऊ उत्तरेंत गेले, तेव्हां लष्कराबरोबर डेरे, बाजारबुणगे आणि कुटुंबकबिला होता. जड सामान मागें सुरक्षित ठेवून सडें लढावें, असा सल्ला सूरजमल जाटानें दिल्याचें सर्वश्रुत आहे. तो मानला गेला नाहीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर जें घडलें त्याचीं कारणें पुष्कळ. पण न टाकतां आलेलें ओझें हें त्यांतील एक होतें.

मराठी छावणीची आणखी एक चाल येथें सांगण्याजोगी आहे. ब्रॉटन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८०९ सालीं दौलतराव शिंद्यांच्या लष्करांत राहून पत्रें लिहिलीं. तो सांगतो कीं, कूच होण्यापूर्वीं बिनीवाला पुढें जाई, जागा पाही आणि महाराजांचे डेरे जेथें पडावयाचे तेथें लहानसें पांढरें निशाण रोवी. आधीं जागा ठरे. तंबूचा खांब मागाहून उभा राही.

आतां आपल्या मोटारीकडे वळूं. छपरावरचा तंबू युरोपांत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाला. इटलींत १९५८ च्या सुमारास तो बाजारांत आला. १९७० नंतरच्या दशकांत पूर्व जर्मनींत गेर्हार्ड म्युलर या कारागिरानें ट्रॅबंटसारख्या चिमुकल्या मोटारीसाठींही तसा तंबू घडविला. आफ्रिकेच्या रानांत व ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशांत त्याचा प्रसार झाला आणि गेल्या कांहीं वर्षांत तो आपल्याकडे आला. निवडतांना जुनेच तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, ओझें कोण वाहणार? असला तंबू साधारणतः ५० ते ८० किलो वजनाचा असतो. मोटारीच्या माहितीपुस्तकांत छपरावर किती भार चालेल याचा आंकडा दिलेला असतो. पुष्कळदां तो ५० ते १०० किलोच असतो. हा आंकडा चालत्या मोटारीचा. वळणावर, खड्ड्यांत व गचके बसतांना छपरावर ताण येतो, म्हणून तो इतका लहान. मोटार उभी असतां तेंच छप्पर याच्या कितीतरी पट भार पेलतें. म्हणूनच वर तिघे निजूं शकतात. तंबू ज्या आडव्या दांड्यांवर बसवितात त्यांचीही मर्यादा असते. छप्पर आणि दांड्या यांपैकीं जिची मर्यादा कमी, ती खरी मानावी, आणि तंबूच्या वजनांत दांड्यांचें वजन मिळवावें. शिवाय माथा जड झाला म्हणजे मोटार वळणावर अधिक कलते, हें ताम्हिणीचा घाट उतरणाऱ्यानें विसरूं नये. उंटाची पाठ पाहूनच डेरा निवडावा.

दुसरा प्रश्न ऋतूचा. कठीण कवचाचा तंबू मिनिटा-दोन मिनिटांत उघडतो व वाऱ्यास दाद देत नाहीं. पण तो महाग, बहुधा अधिक जड आणि आंतून अरुंद. कापडी घडीचा तंबू ऐसपैस, मुलाबाळांच्या कुटुंबास सोयीचा. पण भर पावसांत उघडतांना व मिटतांना हाल होतात. कापूस व पॉलिएस्टर यांच्या मिश्र धाग्याचें जाड कापड हवा खेळती ठेवतें, पण जड असतें व सावकाश वाळतें. ओलें मिटून ठेवलें तर त्यास बुरशी चढते. निव्वळ पॉलिएस्टर हलकें व लवकर सुकणारें. परंतु श्वासाची वाफ आंतून थेंबाथेंबानें गळूं लागते. कापडाची पाणी अडविण्याची शक्ति मिलिमीटरांत सांगतात. तो आंकडा पावसाचा नव्हे, तर कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोशील याचा आहे. हें सांगण्याचें कारण असें कीं, २०२४ च्या जुलैंत ताम्हिणीस एका दिवसांत ५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. आषाढांतल्या मुळशीला पुरून उरेल असा तंबू शोधण्यापेक्षां त्या महिन्यांत पक्क्या छपराखालीं राहावें, ही शिवकालीन रीतच शहाणपणाची. दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस तंबूचे. वळवाच्या दिवसांत उघड्या पठारावर विजा कडाडूं लागल्या, तर वरून उतरून बंद मोटारींत बसावें.

तिसरा प्रश्न जागेचा. आणि मला विचाराल तर तोच पहिला. तंबू विकत घेतां येतो, जागा मागावी लागते. ओढ्याच्या कोरड्या पात्रांत मोटार उभी करणारानें खवासपूर आठवावें. वनखात्याची हद्द असेल तर परवानगी घ्यावी. खाचर असेल तर शेतकऱ्याच्या दारीं जाऊन विचारावें. शिवाजीमहाराजांनीं चिपळूणकडील छावणीच्या अधिकाऱ्यांस लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. रयतेस काडीचाही त्रास न देण्याची आणि गवताच्या गंजीजवळ चुलीची व दिव्याची आग न पेटूं देण्याची ताकीद त्यांत आहे. सुकलेल्या गवतावर शेकोटी पेटविणाऱ्या आजच्या पाहुण्यास याहून अधिक कांहीं सांगावयास नको.

मुळशीच्या भूमीवर हा प्रश्न अधिकच बोंचरा होतो. ज्या पाण्याकडे तोंड करून आपण तंबू उघडतों, त्याच्या तळाशीं गांवें आहेत. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें येथें धरण बांधावयास घेतलें, तेव्हां १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट त्याचे अग्रणी. सेनापति ही पदवी त्यांना याच लढ्यानें दिली. बायकामाणसें तुरुंगांत गेलीं. १९२४ पर्यंत झुंज चालली आणि मोडली. धरण झालें, भातखाचरें, घरें व देवळें पाण्याखालीं गेलीं आणि हजारों माणसांना बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघावें लागलें. आपला निवारा कोणता असावा, हें त्यांना कोणी विचारलें नव्हतें.

आपणांस तो निवडतां येतो, हें आपलें भाग्य. तेव्हां श्रोतेहो, तंबू मोटारीस झेपेल असा घ्या, ऋतूस मानवेल असा घ्या. पण निघण्यापूर्वीं बिनीवाल्याप्रमाणें पुढें जाऊन जागा पाहा आणि ती कोणाची आहे हें विचारा. सकाळीं शिडी वर ओढून पेटी मिटल्यावर त्या गवतावर चाकांच्या खुणांखेरीज आपलें कांहीं मागें राहूं देऊं नका.