चुना, टीसीएल आणि जांभ्याची भिंत

रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभा हे पाणी पिऊन घेतो. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा हा दगड खाणीतून चिरा काढताना मऊ असतो. उघड्यावर तो टणक होतो, पण त्याची छिद्रे बुजत नाहीत. त्यामुळे गडगे, पाखाड्या, विहिरींचे कठडे श्रावणापर्यंत हिरवे-काळे पडतात. हिरवेपण शेवाळाचे, काळेपण बहुतांशी सायनोबॅक्टेरियांचे.

यावरचा जुना उपाय चुना. किनाऱ्यावर शिंपले भाजून तो तयार होई. भाजलेला चुना पाण्यात विरवायचा, त्यात थोडा डिंक आणि पांढरेपणा खुलावा म्हणून नीळ घालायची आणि कुंच्याने भिंतीला काढायचा. ताज्या चुन्याचा सामू १२ च्या वर असल्याने शेवाळ त्यात तग धरत नाही. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते आणि त्याचा जहालपणा ओसरतो. दरवर्षी नव्याने चुना काढण्याची चाल त्यामुळेच पडली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा घराघरांतून चुना काढण्याची मोहीम सरकारनेही हाती घेतली होती.

ब्लीचिंग पावडर याच चुन्याच्या पोटची. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये क्लोरीन वायू मिळवला, फ्रान्सच्या बर्थोले याने तो कापड पांढरे करण्यासाठी वापरला, आणि १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने विरलेल्या चुन्यात क्लोरीन मुरवून त्याची पूड केली. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत तीच टीसीएल नावाने ओळखली जाते आणि विहिरीत टाकली जाते. ताज्या पुडीत वजनाच्या सुमारे एक तृतीयांश उपयुक्त क्लोरीन असतो, पण कोकणच्या दमट हवेत पोत्याचे तोंड उघडे राहिले की तो उडू लागतो. विहिरीचे मापही ठरलेले आहे: तासाभरानंतर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा.

भिंत धुताना मात्र माप कोणी पाहत नाही. बाजारात मिळणारे द्रवरूप ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. २०२० च्या करोनाकाळात गावोगावी त्याचे एक टक्क्याचे द्रावण फवारले गेले. म्हणजे लिटरला दहा हजार मिलिग्रॅम, विहिरीतल्या मात्रेच्या वीस हजार पट. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर अशी फवारणी करू नये असे बजावले, तर मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने रस्त्यांवरची फवारणीही निरुपयोगी ठरवली, कारण धूळ-माती क्लोरीन खाऊन टाकते.

शेवाळावर ब्लीचचा परिणाम झटपट दिसतो. हायपोक्लोरस आम्ल पेशीभित्तिका भेदून आतली प्रथिने जाळते आणि हिरवा रंग काही मिनिटांत उडतो. जांभ्याच्या तांबूसपणाला मात्र ते हात लावू शकत नाही. लोहाचे ऑक्साइड आधीच पुरते ऑक्सिडीकृत असते. मागे उरते मीठ. छिद्रांत बसलेले मीठ खाऱ्या हवेतला ओलावा ओढते, भिंत दमट राहते आणि पुढच्या पावसात शेवाळ पुन्हा धरते. या दगडावर ब्लीच हा महागात पडणारा सोपा उपाय आहे.

धुवण वाहून जाते ते वहाळात आणि पुढे भाट्याच्या खाडीसारख्या खाड्यांत. उन्हात हायपोक्लोराइटचे विघटन होते हे खरे. पण पालापाचोळ्याशी गाठ पडली की त्यातून क्लोरोफॉर्मसारखी संयुगेही बनतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८४ मध्ये खाऱ्या पाण्यातल्या जीवांसाठी क्लोरीनची अल्पकाळाची मर्यादा लिटरला १३ मायक्रोग्रॅम ठरवली, म्हणजे विहिरीतल्या पिण्याच्या पाण्यापेक्षाही कितीतरी कमी. माशांचे कल्ले आणि कालवांची पिल्ले एवढ्या थोडक्या क्लोरीनलाही दाद देतात.

जांभ्यासाठी कोरड्या दिवसांत ताठ ब्रशने शेवाळ खरवडणे, पाणी मुरणारी जागा बंद करणे आणि वर चुना काढणे हेच आजही बरे. ब्लीच वापरायचेच तर पातळ करून, विहिरीपासून लांब, आणि फरशी पुसायच्या ॲसिडसोबत कधीही नको: दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.