संगीतबारी ते पद्मश्री : यमुनाबाई वाईकर यांचा कलाप्रवास आणि प्रतिष्ठेचा प्रश्न

प्रस्तावना :

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात लावणीला मानाचे स्थान आहे. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ या शाहिरांच्या रचना विद्यापीठीय अभ्यासक्रमांत समाविष्ट झाल्या. मात्र या परंपरेचे गायन ज्यांच्या कंठात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले, त्या कलावतींची दखल वाङ्मयेतिहासाने क्वचितच घेतली. लावणीसम्राज्ञी यमुनाबाई वाईकर (१९१५-२०१८) यांच्या कलाप्रवासाच्या आधारे, कलेला मिळालेली प्रतिष्ठा ती जपणाऱ्या समाजापर्यंत पोहोचली काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण :

यमुनाबाईंचा जन्म सातारा जिल्ह्यात, कोल्हाटी-डोंबारी समाजात झाला. कसरतीचे खेळ आणि नाचगाणे ही या समाजाची परंपरागत उपजीविका. साहजिकच त्यांचे शिक्षण शाळेत नव्हे, तर पोटासाठी कराव्या लागणाऱ्या कलेतच झाले. पुढे त्यांनी ‘यमुना-हिरा-तारा वाईकर संगीत पार्टी’ उभी केली व वाई हे गाव त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

येथे तमाशाचे दोन प्रकार लक्षात घेणे आवश्यक आहे. ढोलकी-फडाचा तमाशा तंबू घेऊन गावोगाव फिरतो व त्यात गण, गवळण, बतावणी, वग अशी क्रमवार मांडणी असते. संगीतबारीत वग नसतो. गायन आणि नृत्य हेच तिचे सर्वस्व. थिएटरमध्ये मुक्कामास असलेल्या पार्ट्या पाळीपाळीने कला सादर करतात. रसिक दौलतजादा करून आवडीच्या लावणीची फर्माईश करतो. निवडक श्रोत्यांसमोर खासगी बैठकही होते. यमुनाबाईंचा अधिकार या बैठकीच्या लावणीत होता. बसून गायिल्या जाणाऱ्या या प्रकारात एकच ओळ पुनःपुन्हा घेऊन प्रत्येक वेळी तिचा निराळा भाव नजरेने व हस्तमुद्रेने उलगडायचा असतो. ठुमरी-गझलेशी या गायकीचे नाते निकटचे आहे. म्हणजे ज्या ठिकाणाला शिष्टसमाज हीन लेखत होता, तेथेच एक सूक्ष्म अभिनय-गायनपद्धती विकसित झाली होती.

बंदी आणि सन्मान :

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या सुमारास मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी आणली. कलावंतांच्या विरोधामुळे ती उठली. परंतु संहिता तपासून घेण्याची अट आली. तमाशाचे ‘शुद्धीकरण’ करून त्याला लोककलेचा दर्जा देण्याचे धोरण येथून पुढे दृढ झाले. शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) या ग्रंथात अश्लीलतेची ही चर्चा जातिव्यवस्थेशी कशी निगडित आहे, हे तमाशाच्या संदर्भात दाखविले आहे.

यमुनाबाईंना १९७७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, तर २०१२ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. तेव्हा त्यांचे वय शहाण्णव वर्षांचे होते. या दोन सन्मानांच्या दरम्यान, २००५ मध्ये, महाराष्ट्र शासनाने डान्सबारमधील नृत्यावर बंदी घातली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. बारमध्ये नाचणाऱ्या अनेक स्त्रिया परंपरागत कलावंत जमातींतून आल्या होत्या, हे अ‍ॅना मॉरकॉम यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. परंपरागत कलेवर जगणाऱ्या समाजांतील एका वृद्ध कलावतीचा गौरव आणि तशाच समाजांतील तरुण स्त्रियांच्या रोजगारावर बंदी, या दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या.

एक तुलना :

अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीताचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. केंटकीतील कोळसा खाणकामगाराची कन्या लोरेटा लिन (१९३२-२०२२) वॉशिंग्टन राज्यातील स्थानिक मद्यालयांत व सभागृहांत गात असे. तिची पहिली ध्वनिमुद्रिका १९६० मध्ये निघाली. २०१३ मध्ये तिला राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. दोघींचा प्रवास हीन समजल्या गेलेल्या जागेपासून राष्ट्रीय सन्मानापर्यंतचा आहे. परंतु मद्यालयात गाणे हे लोरेटाचे जन्मजात प्राक्तन नव्हते. नभोवाणी व ध्वनिमुद्रण व्यवसायाने तिला त्या जागेबाहेर नेले. संगीतबारीच्या कलावतीस मात्र व्यवसाय जातीने दिला होता. पारंपरिक लावणीवर तिचा कायदेशीर हक्क कोणताच नव्हता.

निष्कर्ष :

यमुनाबाईंची कला बदलली म्हणून त्यांना सन्मान मिळाला, असे दिसत नाही. जी गायकी बैठकीत होती, तीच अकादमीच्या व्यासपीठावर मान्य झाली. बदलली ती जागा आणि श्रोत्यांची प्रतिष्ठा. हा सन्मान व्यक्तीपुरता राहिला. त्या कलेवर जगणाऱ्या समाजाची उपजीविका संशयितच राहिली.

विदर्भातील अभ्यासकांनी या निष्कर्षाचा विशेष विचार करावयास हवा. नागपूर येथे १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र कार्यरत आहे आणि खडी गंमत, दंडार यांसारखे प्रकार महोत्सवी रंगमंचावर येत आहेत. त्यांचे चित्रीकरण व संहितासंकलन आवश्यकच आहे. पण कलावंतांचे मानधन, त्यांची आत्मकथने व सादरीकरणाच्या मूळ जागा यांचीही नोंद झाली पाहिजे. अन्यथा वयाच्या शंभरीला टेकल्यावर दिलेला एखादा सन्मान म्हणजेच न्याय, अशी आपली समजूत कायम राहील.